बंद कॅमेऱ्यासमोर

नणंदेने भावजयीला कडकडून मिठी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही पहिलीच.

"वहिनी, घोडचूक केलीस तू," ती म्हणाली, "आणि आपलं नशीब उघडलंस."

वहिनी माहितीपट बनवायची आणि नणंद त्यांचं संकलन करायची. स्वयंपाकघरात जे कधी जमलं नाही, ते संकलनाच्या या कोंदट खोलीत झकास जमलं होतं. समोरच्या पडद्यावर निवृत्त वृत्तनिवेदक बसले होते. एके काळी लोक त्यांच्या आवाजावर घड्याळं लावत. कारखान्याला आग लागली त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर 'जीवितहानी नाही' ही बातमी त्यांनीच वाचली होती. कारखान्यामागच्या वस्तीत कितीतरी घरांतली माणसं त्या दिवशी परत आली नाहीत. ती आगीत गेली, हे आजवर कोणी कबूलच केलं नव्हतं. वहिनीचा माहितीपट त्याच आगीवर होता, आणि त्यात अजून सगळ्या ऐकीव गोष्टी होत्या.

मुलाखतीला एकटीनेच यायचं, अशी वृत्तनिवेदकांची अट होती. एकटीने सगळं करायचं म्हणजे तारांबळ आलीच. आवाज तपासताना तिने चित्रण सुरू केलं आणि थांबवायला विसरली. मग सुरू करायला म्हणून बटण दाबलं, तर ते बंद झालं. थांबवायला दाबलं, तर सुरू झालं. शेवटपर्यंत असाच उलटा कारभार चालला. प्रश्न आणि उत्तरं सगळी गायब होती. त्यात फारसं काही नव्हतंही म्हणा. 'कागदावर होतं ते वाचलं' एवढंच ते घोळून घोळून सांगत होते. चित्रित झाला होता तो मधला वेळ. वृत्तनिवेदक पाणी प्यायले, चष्मा पुसला, कॉलर सारखी केली आणि समोर बघून म्हणाले, "कागदावर मेलेल्यांची नावं होती. वरून फोन आला. मी नावं गाळली आणि 'जीवितहानी नाही' असं वाचलं."

नणंद नाचायची तेवढी बाकी होती. वहिनीही हरखली होती. इतक्या वर्षांच्या वणवणीत असं काही तिच्या हाती लागलं नव्हतं. उद्या वस्तीतल्या सभागृहात पहिला खेळ होता आणि माणसं गमावलेली तीच घरं समोर बसणार होती.

आणि मग तिला आठवलं. वस्तीतल्या लोकांना ती कॅमेरा शिकवायची. त्यासाठी तिने भांडून एक केंद्र उभं केलं होतं. तिथला पहिला धडा तिचाच होता, की कॅमेरा बंद असताना माणूस जे सांगतो ते आपलं नसतं. याच मुद्द्यावर एका वाहिनीचं काम तिने तोंडावर फेकलं होतं. आणि परवा स्वतःच वृत्तनिवेदकांना म्हणाली होती, निवांत बोला, कॅमेरा बंद आहे.

त्यांना विचारल्याशिवाय हे वापरायचं नाही, असं तिने म्हणताच नणंदेने आकाशपाताळ एक केलं. "त्या घरांनी तुझी तत्त्वं काय चाटायची आहेत?" तिने विचारलं. वहिनीने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि तडक वृत्तनिवेदकांचं घर गाठलं.

चूक माझी आहे, तिने दारातच सांगून टाकलं. तुम्ही नाही म्हणालात तर इथेच पुसून टाकते. त्यांनी हो म्हणावं असं तिला इतकं वाटत होतं की स्वतःचीच लाज वाटली.

वृत्तनिवेदकांनी हात मांडीवर ठेवून सगळं पाहिलं. मग ते चक्क हसले.

"म्हणजे खरंच चुकून झालं? मला वाटलं, तुमची युक्ती आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई, कॅमेऱ्यावर लाल दिवा असतो. त्या दिव्यासमोर मी उभी हयात काढली. तुम्ही प्रश्न विचारलात की तो विझायचा, म्हणून तेव्हा पाठ केलेलं बोललो. तुम्ही कॅमेरा बंद आहे म्हणालात आणि तो लागला." त्यांनी चष्मा काढला. "तो लागलेला असताना एकदा खोटं बोललो होतो. पुन्हा बोलवेना."