फुकट्या

पिक्चर ऐन खुनाच्या प्रसंगाला येऊन अडकला. पडद्यावर चक्र गरगरत राहिलं, तसा घरात नेट कोण खातंय याचा तपास सुरू झाला.

"ही दिवसभर रील बघते," आई म्हणाली.

"आणि तू मावशीला व्हिडिओ पाठवतेस ते काय टपालाने जातात?" मुलगी म्हणाली.

भांडण मिटवायला वडिलांनी मोबाइलवर पाहिलं, आपल्या वायफायला काय काय जोडलंय ते. सगळ्यांचे फोन होते, टीव्ही होता आणि शेवटी नुसत्या आकड्यांच्या नावाचं काहीतरी होतं. ते कोणाचंच नव्हतं.

"खालचा टेलर," आईने निकाल दिला. "फुकट्या मेला. आपल्या नेटवर गाणी ऐकत बसतो."

"आता बस म्हणावं शिट्ट्या वाजवत," असं म्हणून वडिलांनी ते तोडलं आणि पासवर्डही बदलून टाकला.

नेट सुसाट सुटलं. पिक्चर कुठेही न अडखळता संपला, खुनी सापडला, सगळ्यांना बरं वाटलं.

"लक्षात आलं का?" ताट वाढताना आई म्हणाली. "आज आजोबांनी वरून एकदाही बेल वाजवली नाही. एरवी जरा टेकू देत नाहीत."

"नवी गोळी लागू पडली म्हणायची," वडील म्हणाले आणि ताट घेऊन वरच्या खोलीत गेले.

आजोबांच्या हातात बेलचं बटण होतं. त्यावर वायफाय तुटल्याचा लाल दिवा लुकलुकत होता. गार पडलेला अंगठा अजून बटण दाबूनच होता.