हनुवटीखालची शांतता

"या खेपेला शिट्टीनंतर एक शब्द निघाला, तर थेट घरी," बचावपथकाला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "तिसरी खेप आहे तुझी. चौथी कोणाला मिळत नाही."

न्हाव्याने नुसती मान डोलावली. तोंड उघडलं नाही, हीच मोठी गोष्ट. सगळी गल्ली त्याला रेडिओ म्हणायची आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

समोर सरावासाठी मुद्दाम रचलेला ढिगारा होता. फुटके स्लॅब, वाकलेले गज, मोडकं कपाट आणि कुठेही न जाणारा एक जिना. त्याच्या पोटात कुठेतरी पोस्टमन पडून होता. त्याला अर्ध्या तासात शोधायचं, ही परीक्षा. पोस्टमन एकदा खऱ्या पडझडीत अकरा तास अडकला होता. तेव्हापासून दर परीक्षेला आत जाऊन पडायचा मान त्याने दुसऱ्या कोणाला दिला नव्हता.

न्हावी काही ढ नव्हता. दोरीच्या गाठी, जखम बांधणं, डगमगती भिंत लांबून ओळखणं, सगळ्यात पैकीच्या पैकी. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. शोधताना हाक मारायची, स्लॅबवर तीनदा ठोकायचं, मग बाईंची शिट्टी वाजली की दोन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहून ऐकायचं. पहिल्या खेपेला तो म्हणाला होता, "किती शांत वाटतं, नाही?" दुसऱ्या खेपेला शेजारचा शिंकला आणि हा म्हणाला, "सर्दी झाली का?"

"रेडिओ, आज बटण बंद ठेव हं बाबा," शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या. त्या, न्हावी आणि गॅरेजवाला असं तिघांचं पथक होतं.

पहिली जागा जिन्याखाली. हाक, ठोके, शिट्टी.

दोन मिनिटं म्हणजे किती, ते बोलक्या माणसालाच विचारावं. न्हाव्याच्या जिभेला मुंग्या आल्या. मोडकं कपाट बघून त्याला मामाच्या कपाटाची गोष्ट आठवली आणि ती अगदी ओठांवर येऊन बसली. तेवढ्यात त्याची बोटं आपसूक वळली. अंगठा आणि दोन बोटं, वस्तरा धरल्यासारखी.

दुकानात तो साबण लावताना बोले, मिशी कातरताना बोले, टॉवेल झटकताना बोले. पण वस्तरा गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली गेला की त्याचं तोंड मिटे. तिथे तो श्वाससुद्धा जपून घेई. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने डोळे मिटले आणि समोरच्या हवेत एक गळा मांडला. मामाचं कपाट मुकाट्याने मागे सरकलं.

जिन्याखाली कोणी नव्हतं. कपाटामागेही नव्हतं. सात मिनिटं उरली तेव्हा ते एका रुंद स्लॅबपाशी आले. हाक, ठोके, शिट्टी. दोन मिनिटं सरली, काही नाही. गॅरेजवाल्याने पुढे चलायची खूण केली.

न्हाव्याने डावा हात वर केला. एकाचा जरी हात वर असला तरी बाकीच्यांनी हलायचं नाही, असा नियम. उजव्या बोटांत नसलेला वस्तरा तसाच धरलेला. गॅरेजवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळाकडे बोट दाखवलं. काकूंनी डोळे वटारले. तिसरं मिनिट गेलं. चौथं गेलं.

ठक्.

एकच. बशीवर चमचा टेकावा तेवढाच.

न्हावी ओरडला नाही. गुडघ्यावर बसला, स्लॅबला कान लावला आणि बोटाने खाली दाखवलं. मग ओठ मिटलेलेच ठेवून, भुवया उंचावून बाईंकडे बघितलं.

"आता बोल," बाई म्हणाल्या. "माणूस सापडला की बाहेर निघेपर्यंत त्याला एकटं पडू द्यायचं नाही. ते काम तुझं. हे दोघं स्लॅब उचलतील."

आणि नेमका त्याच क्षणी रेडिओ बंद पडला. त्याने घसा खाकरला.

"काका, आम्ही आलोय. मी इथेच आहे, तुमच्या डोक्याशी. कुठे दुखतंय? पायाची बोटं हलतात?"

"हलतात," खालून आलं.

"आत आणखी कोणी?"

"मी एकटाच."

"मग ठोकायला एवढा वेळ का लावलात हो? आमचा जीव टांगणीला!"

खालून आवाज आला, "खरा अडकलो होतो ना, तेव्हा हात उचलायला तेवढा वेळ लागायचा. वरचे लोक मिनिटभर थांबले आणि पुढे निघून गेले."

पहार घालता घालता गॅरेजवाला थबकला. त्याने न्हाव्याकडे बघितलं आणि पुन्हा जोर लावला. काकू फटीत एकेक लाकडी ठोकळा सरकवू लागल्या.

न्हावी फटीजवळ सरकला. "काका," तो म्हणाला, "आमच्या मामाने एकदा कपाट घेतलं. दुकानदार सांगत होता, आधी दार मोजा. ऐकेल तर तो मामा कसला!"

मग ते कपाट तीन जिने चढलं. दोन हमाल पळून गेले. शेवटी ते दारातच असं रुतलं की आत जाईना, बाहेर येईना. मामा बाहेर, मामी आत. खालून धुळीने भरलेलं हसू ऐकू आलं.

स्लॅब उचलला गेला. ऊन आत उतरलं. बाईंनी वहीत खूण केली आणि वाकून हात पुढे केला.

"झालं. तिघंही पास. या आता बाहेर."

हात धरायला कोणी आलं नाही.

"दोन मिनिटं, बाई," आतून आवाज आला. "मामी काय म्हणाली ते ऐकू द्या."