भरलेली बाटली

"वहिनी, पोरीची पाण्याची बाटली शाळेतून रोज भरलेलीच येते," डबे घासताना मावशी म्हणाल्या होत्या. "थंडीत कुठे पितात मुलं पाणी," म्हणत मी ते कुंडीत ओतत राहिले.

ऊन वाढलं, तरी बाटली भरलेलीच. शेवटी लेकीला विचारलं. "प्यायलं की बाथरूमला जावं लागतं ना," ती म्हणाली. "आठवीच्या मुली दारावरून मोबाईल धरतात."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलीमुलींतली थट्टा हो ती." जूनमध्ये न वाचताच सही केलेली शाळेची नियमपुस्तिका मी पुढे केली. सहाव्या पानावर याला छळ म्हटलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, मग तक्रार लिहून घेतली.

आता मोबाईल जमा होतात, बाथरूमपाशी एक बाई थांबतात. काल बाटली अर्धी आली.

तुमच्याकडची आज उचलून बघा. जड लागली, तर लेकराला जवळ बसवून विचारा.