मद्रासी बाबूंची साक्ष

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मद्रासी बाबूंना पहिल्या रांगेत, अगदी भुजंगच्या समोर बसवलं आणि स्वतः शेजारची खुर्ची ओढून घेतली. एरवी या वेळी तंबूत शिट्ट्यांचा नुसता धुमाकूळ असायचा. आज पब्लिक गुमान बसलं होतं.

भुजंगचं काम पडद्याशेजारी उभं राहून सिनेमा समजावून सांगायचं. तंबू कमरोद्दीनशेठचा. हिंदी पिक्चर त्यांना परवडत नव्हते, म्हणून ते सिकंदराबादेहून घासून जुने झालेले तमीळ पिक्चर आणायचे. जालन्यात तमीळ कोणाला कळणार? मग भुजंगनं हातात भोंगा धरायचा आणि पडद्यावर ज्याचे ओठ हलतील त्याच्या तोंडी मराठी घालायची. खुद्द भुजंगलाही तमीळचं ओ की ठो कळत नव्हतं. पण रडणारी आई, गुरकावणारा राजा आणि तलवार उपसणारा सेनापती यांना काय बोलायचं असतं हे समजायला भाषा कशाला लागते?

सेनापती नेहमी एकच, इळवेलन नावाचा नट. मूकपटांच्या काळात मद्रासकडे घरोघरी त्याच्या तसबिरी होत्या म्हणे. बोलपट आल्यावर त्याचे दोन-तीन पिक्चर निघाले आणि गडी एकाएकी दिसेनासा झाला. कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे संन्यासी झाला. जालन्यात मात्र त्याचं झकास चाललं होतं, आणि ते सगळं भुजंगच्या जिवावर.

तिथंच घात झाला. मुलखात रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, गावोगाव सरकारच्या लेव्हीचं धान्य जबरदस्तीनं उचललं जात होतं, आणि इथं तंबूत भुजंगचा सेनापती रोज संध्याकाळी गढीच्या पायऱ्यांवर उभा राहून रयतेला सांगत होता की कोठारं उघडा, राजाला दाणा देऊ नका. लोक तंबू डोक्यावर घ्यायचे. व्हायचं तेच झालं. कोणीतरी चुगली केली.

सकाळी अमीनसाहेब स्वतः तंबूत आले होते. आवाज न चढवता बोलले. "पिक्चर सरकारनं पास केलेलं हाये. त्यात जे हाये ते बोल, मी तुला हात लावणार न्हाई. पदरचं एक लफ्ज घातलं असशील, तर औरंगाबादच्या जेलात सडशील."

खरंखोटं ठरवायला त्यांनी साक्षीदारही शोधून ठेवला होता. स्टेशनावरचे लगेज बाबू मद्रासकडून बदलून आलेले, टक्कल पडलेले, चष्मेवाले, कामापुरतं दखनी बोलून गप्प बसणारे गृहस्थ. सारं जालना त्यांना मद्रासी बाबूच म्हणायचं. ते कधी तंबूत फिरकले नव्हते. आजही यायला तयार नव्हते, पण अमीनसाहेबांना नाही कोण म्हणणार?

दुपारी भुजंगच्या बायकोनं, साळूबाईनं, भाकरी वाढता वाढता सांगून पाहिलं की घसा बसला म्हणा आणि घरीच राहा. तिला सातवा महिना लागला होता. पण घसा बसला म्हणजे चोराच्या मनात चांदणं, हे अमीनसाहेबांना कळलंच असतं. भुजंग उठला आणि निघाला.

खेळ सुरू झाला. भुजंग जपून बोलत होता. राजा आला, दरबार भरला, आई रडली. प्रत्येक वाक्यानंतर तो चोरट्या नजरेनं बाबूंकडे पाही. त्यांचा चेहरा दगडी.

मग सेनापती गढीच्या पायऱ्या चढू लागला. मऊ काही सांगावं, तर सेनापती खरोखरच बंड पुकारत असेल. बंड सांगावं, तर तो कदाचित देवाची आरती म्हणत असेल. भुजंगनं पुन्हा बाबूंकडे पाहिलं.

बाबूंचे ओठ हलत होते. सेनापतीनं तोंड उघडायच्या आधीच हलत होते. अमीनसाहेबांनीही ते पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. माणूस पक्का जाणकार होता.

आता सुटका नव्हती. भुजंगला रागच आला, स्वतःचा, राजाचा, सगळ्यांचा. खोटंच बोलायचं तर निदान आपलं नेहमीचं तरी बोलावं. त्यानं भोंगा उचलला.

"रयत हो, हे दाणे तुमच्या घामाचे हायेत. कोठारं उघडा. जो राजा आपल्याच रयतेला भितो, त्याला मुजरा करू नका."

शेवटपर्यंत बोलला. तंबूत कोणी टाळी वाजवली नाही. बाबूंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आता संपलं आपलं, असं भुजंगला वाटलं.

खेळ सुटला. लोक निघून गेले. अमीनसाहेब उभे राहिले. "बोलो बाबू. बराबर था?"

बाबूंनी चष्मा परत नाकावर चढवला. कमरोद्दीनशेठनी कनातीचा दोर गच्च धरला होता.

"बिलकुल बराबर," बाबू म्हणाले. "एक हरफ का फरक नै."

अमीनसाहेबांना हे आवडलं नाही, पण साक्षीदार त्यांनीच आणलेला. मद्रासच्या लोकांना शिव्या घालत ते निघून गेले. कमरोद्दीनशेठ मटकन खाली बसले आणि अल्लाचे आभार मानू लागले. भुजंगला रडू आवरेना. त्यानं बाबूंचे पाय धरले.

"बाबूसाहेब, तुम्ही लेकराच्या बापाला वाचवलं. पण आता खरं सांगा, तो सेनापती तिथं काय बोलून राह्यलाय?"

बाबूंनी त्याला उठवलं आणि रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिले. मग बोलले ते भुजंगच्याच बोलीत.

"मला तरी कुठं ठाऊक हाये, गड्या? म्या घनसावंगीचा. मद्रासकडं पिक्चरवाली मंडळी सांगायची ते मराठी अक्षरांत लिहून घ्यायचो, पाठ करायचो, अन् तलवार उपसून म्हणून टाकायचो."