चौसष्ट मुली

डॉक्टरबाईंनी दोन्ही अहवाल तिसऱ्यांदा वाचले. रक्ताचा सकाळी आला होता, आतड्याच्या तुकड्याचा आत्ता, जेवणाच्या सुट्टीत. दोन्हींचं म्हणणं एकच होतं. दाराबाहेरच्या बाकावर एकोणीस वर्षांची एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. त्यांना आत बोलवायला बाईंचा हात बेलकडे जात नव्हता.

मुलगी दोन वर्षांपासून जेवायला बसली की पोट दुखतं म्हणायची. वजन अडतीस किलोवर आलं होतं. आधीच्या तीन डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं: पोटात काही नाही, जाड होण्याची भीती मनात बसली आहे. तिघांनी आधारही एकाच लेखाचा घेतला होता. अशा मुली पोटदुखीचं निमित्त पुढे करतात, घरच्यांनी त्याला भीक घालू नये, समोर बसून ताट संपवून घ्यावं, असं त्या लेखात म्हटलं होतं. चौसष्ट मुलींच्या अभ्यासावर उभा राहिलेला तो लेख याच डॉक्टरबाईंचा. त्यावर त्यांचं नाव झालं, विभागाची खुर्चीही मिळाली.

शेवटी त्यांनी बेल वाजवली.

आई आत आली ती पिशवीतून वही काढतच. शाळेत गणित शिकवणारी बाई. मुलीचा रोजचा घास न् घास तिने तारीखवार लिहून ठेवला होता.

"एक दिवस चुकवला नाही मी," ती म्हणाली. "सकाळी ब्रेडच्या दोन स्लाइस, संध्याकाळी परत दोन. रडली तरी उठू दिलं नाही. या आठवड्यात तर दोनाच्या तीन केल्या. सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. तरी वजन का उतरतंय, तेवढं सांगा."

"गहू बंद करायचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजपासून. हिला गहू सोसत नाही. त्याने आतडं आतून सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. ती दुखतं म्हणायची, ते खरंच दुखत होतं."

"म्हणजे मनाचं काही नव्हतं?"

"नव्हतं. तपासणी आधी व्हायला हवी होती. माझं चुकलं."

आई बराच वेळ वहीच्या पानांवरून बोट फिरवत राहिली. हिशेब चुकलेल्या मुलाची वही तपासावी तशी. मग मुलीकडे न बघता म्हणाली, "मीच घातलं गं हे तुझ्या पोटात."

मुलीने आईच्या पाठीवर हात ठेवला. रागावण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. तिने डॉक्टरबाईंना फक्त एक गोष्ट विचारली.

"तुमच्या लेखातल्या त्या चौसष्ट जणींची ही तपासणी केली होती?"

बाईंनी खोटं बोलायचं मनात आणलं, पण जमलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या.

दोघी गेल्यावर त्यांनी दुपारचे पेशंट सहकाऱ्याकडे पाठवले आणि त्या चौसष्ट जणींच्या फाइलींचं कपाट उघडलं. सगळ्यांनाच हा आजार असेल असं थोडंच आहे, कदाचित एकीलाही नसेल, अशी त्या स्वतःची समजूत घालत होत्या. मग त्यांनी पहिली फाइल काढली. फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पूर्ण बरी'. जीव थोडा भांड्यात पडला. त्यांनी नंबर फिरवला.

पलीकडे त्या मुलीची आई होती. नाव ऐकताच तिला काय करू न् काय नको असं झालं. "तुमचे उपकार कसे फेडायचे, बाई. इतक्या वर्षांनी आठवण ठेवलीत."

"मुलगी कशी आहे? पोट दुखतं का अजून?"

"छे हो. तेव्हापासून दुखतं हा शब्द तोंडातून काढला नाही तिने," ती कौतुकाने म्हणाली. "जेवताना डोळ्यांतून पाणी येतं तेवढंच. पण तक्रार म्हणून काही नाही."