वारा तोंडावर घेऊन

बांबूच्या टोकाला बांधलेला तांबडा फडका.

पुरुषाच्या मापाचे गमबूट, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले.

उल्हासनगरच्या बाजारातून अंदाजानं घेतलेला फ्रॉक. अजून पिशवीतच.

वालधुनी नदी आज निळी. काल लाल होती.

काळ्या दोरीतली शिट्टी.

शिट्टी वाजली आणि तुळशी खाली बसली.

पुन्हा. गुडघे पोटाशी, मान खाली, शेजारी जोडीदारापुरती जागा सोडून. बाकीचे केव्हाच लांब पोचले होते.

"अय तुळसाबाई," मुकेश तिकडून ओरडला, "जमिनीला डिंक लावलाय काय? कंपनीची जागा आहे, घरी नेता नाय येणार!"

सगळे हसले. हसणारे सगळेच तुरुंगातून नुकते सुटलेले. सव्वीस जुलैच्या पुरात वाहून आलेली केमिकलची पिंपं वर्ष झालं तरी अंबरनाथला नदीच्या काठावर रुतून होती. ती कशी उचलायची, विषारी गाळ कसा काढायचा, हे एक संस्था त्यांना शिकवत होती. शिकेल त्याला पक्कं काम. शिट्टी वाजली म्हणजे पिंप फुटलं, वायू सुटला. हातातलं टाकायचं, फडक्यावरून वाऱ्याची दिशा बघायची आणि वारा तोंडावर घेत पळायचं. मागं फिरायचं नाही.

पण आत शिट्टी म्हणजे गिनती. दोघादोघांच्या जोडीनं उकिडवं बसायचं आणि शिपाई मोजून जाईपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा झाडून सगळे जोड्याजोड्यांनी खाली बसले होते. संस्थेच्या संध्याताई गोंधळून बघतच राहिल्या. शिकवणाऱ्या दौलतरावांनी मात्र काही विचारलं नाही. ते एकेकापाशी गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उठा. गिनती संपली."

बाकीच्यांचे पाय हळूहळू शिकले. तुळशीचे शिकेनात.

संध्याताईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "परीक्षेत बसलीस तर पिंपांवर नाही पाठवता येणार गं. जिवाशी गाठ आहे." आणि काम नाही तर ऋतिका नाही. तुळशी आत गेली तेव्हा पोर कडेवर होती. आता सोनिवलीला मामाच्या घरून शाळेत जात होती. भाऊ महिपती वाईट नव्हता. "पोर तुझीच हाय," तो म्हणाला होता, "पन आधी कामाला लाग. आज नेशील नि उद्या परत माझ्याच दारात सोडशील, तसं नको."

दुपारी बाकीचे डबे सोडायचे, तेव्हा दौलतराव तिचा एकटीचा सराव घ्यायचे. शिट्टी. ती बसायची. ते उठवायचे. पुन्हा शिट्टी. पांढऱ्या मिशांचा तो माणूस एकदाही वैतागला नाही.

"बाय माझी, पाय तुझेच आहेत आता. त्यांना कळू दे."

शिट्टी कायम त्यांच्याच तोंडात. मुकेशनं एकदा हात पुढे केला, "काका, द्या ना, एकदा मी वाजवतो." दौलतरावांनी ती खिशात घातली. "खेळणं नाय ते."

परीक्षेला ठाण्याहून साहेब आले. सगळे पिंपांपाशी कामाला लागलेले. दौलतराव तुळशीच्या हातमोज्याची पट्टी आवळत होते. साहेबांनी कुणाला काही न सांगता स्वतःच्या खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

तुळशीचे गुडघे वाकले.

वाकले, आणि थांबले.

तिनं फडका पाहिला. पळाली. गमबूट फटाक फटाक वाजत होते, नदीची घाण नाकात जात होती, वारा डोळ्यांत शिरत होता, आणि ती पळत होती!

"आली रे आली!" मुकेशनं दोन्ही हात वर केले. ते तसेच राहिले. तो तिच्या मागं बघत होता.

तुळशी वळली.

पिंपांपाशी दौलतराव बसले होते. गुडघे पोटाशी. मान खाली. शेजारी जोडीदारापुरती जागा सोडून.

कुणी हसलं नाही. मुकेशसुद्धा.

मागं फिरायचं नाही, हे तुळशीला पाठ होतं. ती मागं फिरली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा, काका. गिनती संपली."

झोपेतून जागं व्हावं तसं दौलतरावांनी वर पाहिलं. तिनं त्यांचा हात धरला, फडक्याकडे बघितलं आणि त्यांना घेऊन पळत सुटली.

"बाई, मागं का फिरलात?" साहेबांनी विचारलं. "नियम माहीत नाही?"

"त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं, साहेब."

साहेबांनी फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "येताना वारा कुठं होता?"

"तोंडावर."

"पास."

फ्रॉक आखूड निघाला. पण ते रविवारी, सोनिवलीला. ऋतिका दिवसभर तोच घालून, खालून ओढत ओढत, आईच्या मागं मागं फिरली.

दौलतराव नाशिकच्या तुरुंगातून सुटले, त्या साली तुळशी चौथीत होती.