किल्ल्यातलं देवघर

"पावण्यांसमोर मला सरकार म्हणायचं, कळलं का?" आण्णासाहेबांनी किल्ल्यावरच्या खानसाम्याला दम भरला.

"जी सरकार," खानसामा म्हणाला आणि त्यानं आण्णासाहेबांच्या आजोबांचा फोटो भिंतीवर लावून दिला. खिळा त्याला शोधावा लागला नाही.

प्रेमला लुगडं सावरत वडिलांचं हे नाटक बघत होती. तिला हसूही येत होतं आणि किळसही. निजामाबरोबर जहागीर गेली, माकणीला चार खणांचं घर उरलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. सरकारनं पडक्या किल्ल्याची डागडुजी करून हवापालटाला येणाऱ्यांसाठी खोल्या काढल्या. त्यातल्या दोन आण्णासाहेबांनी दिवसभरासाठी घेतल्या आणि खानदानाची इज्जत भाड्यानं आणली! आज वाशीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा शाळामास्तर. तुळजापूरच्या नवरात्रात तिनं त्याला पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. म्हणून तर हे सोंग तिला जास्तच झोंबत होतं.

"तू तोंड उघडू नगंस," आण्णासाहेबांनी तिला बजावलं. "हे स्थळ हुकलं तर दुसरं न्हाय."

पाहुणे आले. पोहे झाले. आण्णासाहेबांनी बुरूज दाखवला, तोफ दाखवली, तोफेच्या पाठीवरून गाय असावी तसा हात फिरवला. मुलाचे वडील मान डोलवत होते. मुलाची आई धुरपदाबाई मात्र एकदा फोटोकडं बघायच्या, एकदा खिळ्याकडं. मग त्यांनी कुंकवाचा करंडा काढला.

"आदी घरच्या देवाला वाहते, मग पोरीला लावते, म्हंजे ठरलं. देवघर कुठं हाय?"

खानसामा छताकडं बघू लागला. एवढ्या किल्ल्यात पलंग होते, आरसे होते, गुसलखाना होता. देव तेवढे नव्हते.

"देवघराला कुलूप हाय," आण्णासाहेब घाम पुसत म्हणाले. "किल्ली पुजाऱ्याकडं, अन् पुजारी गेलाय तुळजापूरला."

प्रेमलानं मुलाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. आज हे खोटं गिळलं तर उद्या त्याच्याच घरात जन्मभर निस्तरावं लागणार होतं.

"मावशी," ती म्हणाली, "आमचे देव माकणीला हायेत, चुलीशेजारच्या कोनाड्यात. हा किल्ला आमचा न्हाय. आजच्यापुरता भाड्यानं घेतलाय."

आपल्या हातानं आपण सगळं घालवलं, असं वाटून प्रेमलाचे डोळे भरून आले.

धुरपदाबाई उठल्या. त्यांनी प्रेमलाची हनुवटी वर केली, कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं आणि आण्णासाहेबांकडं वळल्या.

"व्याही, ह्या किल्ल्यात पोरगी बघायची आमची ही तिसरी खेप. दरखेपी पुजारी तुळजापूरलाच गेलेला असतो."